मागच्या रांगेतला आवाज

त्या शनिवारी दुपारी, ऐन तालमीत, मासा शिंकला.

मासा म्हणजे चार राखाडी चादरी एकत्र शिवून केलेला एक भलामोठा पडदा, आणि त्याच्या पोटात चार पोरं. त्यांनी बायबलातल्या योनाला गिळायचं आणि मग गपगुमान बसून राहायचं, एवढंच त्यांचं काम. पण चादरी वर्षभर कपाटात पडून होत्या. एकाला शिंक आली, दुसऱ्याला हसू आलं, आणि योनाची प्रार्थना म्हणणारी मैना कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, ह्यांच्या पोटात मी नाही राहणार!"

बाईंनी हात वर केला. नळ बंद करावा तसा हॉल शांत झाला. बावीस वर्षं चर्चच्या मुलांचा कॉयर त्या सांभाळत होत्या, आणि ओरडायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली होती. शाळेतून संगीतशिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावरही कॉयर त्यांनी सोडला नव्हता. सत्तावीस पोरं, पण आवाज कसा एका गळ्यातून आल्यासारखा, असं लोक म्हणायचे. बाई वरवर "छे हो, पोरांचीच मेहनत" म्हणायच्या, पण ते वाक्य त्यांना मनापासून आवडायचं.

योनाच्या संगीतिकेला पाच आठवडे उरले होते. तालीम संपली, पोरं चपला शोधायला बाहेर पळाली, आणि दारात एक माणूस पांढरी काठी टेकत उभा राहिला. शिडीचे वडील. शिडी म्हणजे मागच्या रांगेतली अकरा वर्षांची मुलगी, सगळ्यांत उंच, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिला न्यायला एरवी तिची आई यायची. वडील मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होते. जन्मापासून दिसत नव्हतं, पण कुठल्याही डॉक्टरने नुसतं "हॅलो" म्हटलं की ते नाव सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती.

"बाई, दोन मिनिटं आहेत का?"

"या ना, बसा."

ते बसले नाहीत. "आमची पोरगी तुमच्याकडे गाते."

"हो तर. उंच आहे ना, मागे उभी असते."

"दोन वर्षांत चार कार्यक्रम झाले. चारही वेळा मी आलो. पुढून तिसऱ्या बाकावर बसतो, म्हणजे सगळं नीट ऐकू येतं. हॉस्पिटलातल्या दोनशे माणसांचे आवाज मला पाठ आहेत, बाई. सर्दी झाली असली तरी ओळखतो. पण माझ्या पोरीचा आवाज मला एकदाही सापडला नाही." ते ओशाळं हसले. "माझ्या कानांत काही बिघाड होतोय की काय, एवढंच विचारायचं होतं. कान गेले तर मग माझ्याकडे उरणार काय?"

बाईंनी श्वास घेतला. "अहो, सत्तावीस आवाज असतात. एकमेकांत मिसळून जायचं, हेच तर मी शिकवते. एखादा वेगळा ऐकू आला तर ती माझी चूक."

उत्तर किती सहज जमलं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"असेल, असेल," ते म्हणाले.

तेवढ्यात शिडी आली. सवयीने तिने आपला खांदा त्यांच्या हाताखाली दिला. निघताना तिने वडिलांच्या आडून बाईंकडे पाहिलं. घाबरलेली नजर होती, आणि त्याहून जास्त विनवणीची. बाईंना सगळं आठवलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठी उपासना आठ दिवसांवर आली होती, बाहेरून पाहुणे यायचे होते. ही पोरगी तेव्हा नवीन, नऊ वर्षांची. तिचा आवाज खाली खाली ओढत जायचा आणि तिच्याबरोबर अख्खी रांग. ऑर्गन वाजवणारे मास्तर वाजवता वाजवता भुवया उंचावून खुणा करत होते. बाईंनी तिला बाजूला घेतलं, अगदी मायेने केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ. कुणाला काही कळणार नाही." मुलीने मान डोलावली. उपासना झकास झाली. बाई ते विसरूनही गेल्या.

आता परत गा, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी ताई वाटाणे सोलत बसली होती. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. गुडघ्यांनी तिला खुर्चीत बसवलं होतं, जिभेला मात्र कुणी बसवू शकलं नव्हतं. बाईंनी तिला सगळं सांगितलं.

"मग त्याला खरं सांगायला काय धाड भरली होती?"

"सुचलंच नाही गं. आणि काय सांगणार? तुमच्या पोरीला मी दोन वर्षं मुकं उभं केलंय म्हणून?"

"हो, तेच." ताईने शेंग मोडली. "डोळे त्याला देवाने दिले नाहीत. आता कानांवरचा भरवसा तू काढून घेतेयस. उद्या जाईल बिचारा कान तपासायला."

बाईंना जेवण गेलं नाही.

रविवारची उपासना संपल्यावर त्यांनी शिडीला हॉलमध्ये थांबवून घेतलं. ऑर्गनजवळच्या खुर्चीत बसवलं. त्या काही बोलायच्या आतच पोरगी घाईघाईने म्हणाली, "बाई, मी गात नाही. शप्पथ. एकदाही गायले नाही. चुकूनसुद्धा नाही."

बाई दुसरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. एवढी निष्ठा त्यांच्या एका शब्दावर!

"मी तुला रागवायला नाही थांबवलं, बाळ. मी चुकले. तुला तसं सांगायला नको होतं. मला माफ कर."

शिडी नखाने फ्रॉकची शिवण कुरतडत राहिली. मोठ्या माणसाने आपली माफी मागितली की काय करायचं असतं, हे तिला कुठे ठाऊक? "असू दे, बाई," ती पुटपुटली.

"बाबा घरी काय म्हणतात, कार्यक्रम झाल्यावर?"

"म्हणतात, ऐकला हो तुझा आवाज, छान गायलीस."

"आणि तू?"

"मी थँक्यू म्हणते." मग जरा वेळाने, "मला कळतं ते खोटं बोलतात ते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी काही बोलत नाही. त्यांना सांगू नका ना."

बाप लेकीला जपत होता, लेक बापाला, आणि दोघांच्या मधली ती गाठ बाईंनी मारली होती. त्या उठून ऑर्गनवर बसल्या, जरा वेळ उगीच कागद सारखे करत राहिल्या.

"एखादी ओळ म्हणून दाखवतेस?"

तिने मान हलवली. नाही.

"बरं, गाऊ नको. बाबा आतल्या खोलीत आहेत आणि जेवायला बोलवायचं आहे. कशी हाक मारतेस?"

हे सोपं होतं. "बाबाऽऽ!"

हाक हॉलभर गेली. खालच्या पट्टीतली, जाड, भरलेली. बाईंनी सूर शोधून दाबला. बरोबर तोच होता, केसभरही इकडेतिकडे नाही. त्यांनी पुन्हा हाक मारायला लावली. पुन्हा तोच. पोरगी बेसूर नव्हतीच. इतरांची पट्टी तिच्या गळ्याला उंच होती. तिथवर पोचता येत नव्हतं म्हणून ती धडपडत होती, आणि धडपडणाऱ्याला हात द्यायचा सोडून बाईंनी त्याला गप्प केलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पाच मिनिटं त्यांनी दिली नव्हती.

"हा तुझा सूर," त्या म्हणाल्या. "इथून सुरुवात करायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हॉस्पिटलात गेल्या. जिन्याखालच्या छोट्या खोलीत ऑपरेटर कानाला हेडफोन लावून बसले होते. समोर बटणांची पाटी, शेजारी ठिपक्यांच्या लिपीतली जाड वही. "बाई ना?" पावलांवरूनच त्यांनी ओळखलं. "बसा. स्टूल उजवीकडे आहे."

बाईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. मधे तीनदा फोन आला. तीनदा त्यांनी "जोडून देतो" म्हटलं, आणि बाईंना थांबलेल्या शब्दापासून परत सुरुवात करावी लागली. चौथ्यांदा घंटी वाजली तेव्हा त्यांनी फोन घेतला नाही. हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे कान ठीक आहेत माझे."

"ठीक आहेत."

"शनिवारी तुम्ही खोटं बोललात, ते मला तेव्हाच कळलं होतं. बोलायच्या आधी श्वास घेतलात. पण मला वाटलं, पोरगी कच्ची आहे, ते झाकताय. तिचं तोंडच बंद केलं असेल, हे मनात आलं नाही." घंटी वाजत होती. "नऊ वर्षांची होती ती."

"हो."

"घरी तर कधी गुणगुणत नाही. मी बायकोला म्हणायचो, असते एकेकाची सवय."

"मी तुमची माफी मागायला आले."

"माझी नका मागू. तिची मागितलीत?"

"काल मागितली. म्हणाली, असू दे."

"तिचं ते 'असू दे' खरं धरू नका, बाई." त्यांनी हेडफोन परत कानाला लावला. "ते ती सगळ्यांनाच म्हणते." आणि फोन घेतला.

बाई उठल्या. त्यांनी निरोप घेतला तेव्हा ऑपरेटरांनी मान हलवली, ती फोनवरच्या माणसासाठी की त्यांच्यासाठी, ते कळलं नाही.

संगीतिकेत वादळाचा प्रसंग होता. जहाज हेलकावे खातंय, खलाशी गांगरलेत, आणि योना तळाशी गाढ झोपलाय. मग कप्तान येऊन त्याला हाका मारतो. त्या चार ओळी आतापर्यंत सगळे खलाशी मिळून म्हणत होते. बाईंनी त्या एकट्या शिडीला दिल्या, आणि तिच्या पट्टीत उतरवल्या.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मधेच एवढं खाली उतरायचं आणि चार ओळींनी परत वर चढायचं? या वयात मला शिडीवर चढायला लावता होय!" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी आवाज उतरवला. "आणि ऐनवेळी सूर सुटला तर? एवढी माणसं येणार."

"सुटला तर सुटला. तुम्ही तिच्या मागून वाजवत राहा."

"तुम्ही हे म्हणताय?"

"मीच म्हणतेय."

पोरगी एकदम गाऊ लागली, असं काही झालं नाही. पहिले दोन आठवडे ती ऑर्गनकडे तोंड करूनच गायची. आवाज तिच्या हनुवटीपलीकडे जायचा नाही. एकदा मैना बोलून गेली, "हिला आवाज आहे?" आणि शिडी तालीम सोडून पायरीवर जाऊन बसली. बाई तिच्या शेजारी बसल्या. समजूत घातली नाही, नुसत्या बसल्या. दहा मिनिटांनी ती उठली आणि आत गेली. चौथ्या आठवड्यात तिच्या आवाजाने पहिल्यांदा मागची भिंत गाठली. खलाशांनी वळून पाहिलं.

संगीतिकेच्या संध्याकाळी चर्च गच्च भरलं होतं. ऑपरेटर तिसऱ्या बाकावर, शेजारी बायको. वादळ उठलं, पोरांनी गडगडाटासाठी पत्रे वाजवले, मैना तळाशी डोळे मिटून पडली. शिडी पुढे आली. कप्तानाची टोपी कानांपर्यंत आलेली, हात शरीराला चिकटलेले. बाईंनी हात उचलला.

"ऊठ रे, झोपलेल्या, ऊठ..."

पहिली ओळ सरळ गेली. तिसऱ्या बाकावर ऑपरेटरांनी मान वर केली. एखाद्याने गर्दीत नावाने हाक मारली की माणूस थबकतो, तसे ते थबकले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर घसरला. चांगलाच घसरला. पुढच्या बाकावरच्या एक-दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिडीचे डोळे बाईंकडे गेले. पूर्वी अशा वेळी बाईंची भुवई आपोआप आकसायची. आज त्यांनी तळहात पुढे केला, थांब नाही, चालू दे. मास्तरांनी तिचा सूर हळूच तिला आणून दिला. तिने तो धरला, आणि उरलेल्या दोन ओळी छाती भरून म्हटल्या.

मग मासा आला, योना गिळला गेला, मैनेने प्रार्थना इतकी सुंदर म्हटली की कुणीतरी नाक पुसलं. कौतुक मैनेचं झालं. ते व्हायलाच हवं होतं.

गर्दी ओसरल्यावर ऑपरेटर पुढे आले. "दुसऱ्या ओळीच्या शेवटी घसरली."

"घसरली," बाई म्हणाल्या.

"मला ऐकू आलं." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. बाईंना त्यांनी माफ केलं की नाही, ते त्या कधीच विचारणार नव्हत्या.

शिडी धावत आली. "बाबा, ऐकलंत?"

"ऐकलं. मधे घसरलीस."

"हो ना! अहो, ती टोपी डोळ्यांवर आली, आणि मग मी..." ती वाद घालत, हातवारे करत त्यांना घेऊन निघाली. हातवारे त्यांना दिसत नाहीत, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

मास्तरांनी ऑर्गनचं झाकण लावलं. बाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या.

"मास्तर, इतक्या वर्षांत 'नुसते ओठ हलव' असं आपण आणखी किती जणांना सांगितलं असेल?"

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली. "खुणा तर मीच करायचो," ते म्हणाले. मग शेजारी येऊन बसले. "मला तिघं आठवतात."

"मला चार. पण दोघांची नावं आठवत नाहीत."

"एक तो चष्मेवाला. डावीकडे उभा राहायचा."

"हो. आणि एक दोन वेण्यांची."

त्यांनी एकेक चेहरा आठवायला सुरुवात केली.