बावीस किलोचे जॅकेट

वेल्डरच्या मुलीने माझ्या नातीचे नाक फोडले, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. रक्ताची धार हनुवटीवरून छातीवर उतरली. नात दोरांवर रेलली, पण पडली नाही. घंटा झाली तशी ती धडपडत कोपऱ्यात आली आणि पंचांची पाठ वळलेली पाहून तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, ओल्या टॉवेलचा फटका सपकन तिच्या कानशिलात हाणला.

"डोळे मिटतेस? मार खाताना डोळे मिटतेस?"

ती सामना हरली.

मुष्टियुद्धाचा हा हॉल माझ्या यजमानांनी उभा केला आणि त्यांच्या पश्चात तो माझ्या नावावर आहे. शिकवतो मुलगा, त्याच्या शिकवण्यात मी नाक खुपसत नाही. नातीला सगळे टाचणी म्हणतात, कारण तिचा डावा हात लागतो कमी आणि टोचतो फार. वजन साठ किलो, आणि त्यातले एक छटाकही वाया गेलेले नाही.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मुलाने आपला बेत सांगितला.

"साठच्या गटात ती वेल्डरची म्हैस आहे तोवर हिचं काही खरं नाही. चोपन्नच्या गटात जागा रिकामी आहे. सहा किलो उतरवायचे."

"बाबा, मागच्या खेपेला चारच उतरवले होते, तर मी जिन्यात चक्कर येऊन पडले होते," नात सुजलेल्या नाकातून बोलली.

"भूक लागते म्हणून पडतेस. ती भूकच मारणारं इंजेक्शन मिळतं आता. फोनवर डॉक्टर बघतात, औषध घरपोच येतं."

माझी सून भाजी वाढता वाढता थांबली. "अहो, मग माझ्यासाठी विचारा ना त्यांना. मला साखर आहे, रक्तदाब आहे. दोन जिने चढले की जीव घशाशी येतो."

"तुला कशाला? तू उतरलीस तर रिंग खचेल!" तो हसला. सून हसली नाही, म्हणून त्याने हातातला पेला भिरकावला. तो तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला.

"काचा उचल," मी म्हणाले.

"आई, उगीच..."

"हाताने उचल."

त्याने उचलल्या. बोट कापले, रक्त फरशीवर ठिबकले, तेही मी त्यालाच पुसायला लावले. बेत मात्र त्याने सोडला नव्हता, हे मला दोन दिवसांनी कळले.

वजनकाट्याला फसवणे ही आमच्या धंद्यातली जुनी विद्या. रबरी सूट घालून धावायचे, थुंकून थुंकून तोंड कोरडे करायचे, काट्यावर श्वास रोखून उभे राहायचे. जो तो हलका दिसायला धडपडतो. त्या दुपारी मी हॉलमध्ये उतरले, तर तिथे उलटीच गंगा वाहत होती. नातीच्या अंगावर बापाचा ढगळ स्वेटर होता, आणि स्वेटराच्या आत शिशाच्या पट्ट्यांचे जॅकेट, जे आमची पोरे पायांत ताकद यावी म्हणून घालून पळतात. बावीस किलोचे. ती काट्यावर उभी होती आणि समोर सून फोन धरून उभी होती. सुनेचा डावा गाल लाल होता. तिला फोन धरायला कसे तयार केले गेले, ते विचारायची गरज नव्हती.

फोनमध्ये एक तरुण डॉक्टरबाई होत्या.

"काटा दाखवा. ब्याऐंशी. आणि उंची एकशे पासष्ट. म्हणजे बीएमआय तीसच्या किंचित वर," त्या म्हणाल्या. "तीस किंवा जास्त असेल तर या औषधाचा विचार करतो. सत्तावीसच्या पुढे असेल आणि सोबत मधुमेह, रक्तदाब असं काही असेल, तरीही करतो. नुसतं बारीक दिसायचंय म्हणून कुणाला देत नाही. तुम्ही काही खेळता का?"

मुलगा फोनच्या मागे उभा होता. त्याने मूठ वर केली आणि मान नकारार्थी हलवली.

"नाही," नात म्हणाली.

"गरोदर आहात? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती?"

"नाही. नाही."

"घरात कुणाला थायरॉईडचा कर्करोग? मेड्युलरी नावाचा प्रकार असतो, तो घरात असेल तर हे औषध देत नाही."

मूठ पुन्हा वर गेली. नातीने माझ्याकडे पाहिले. उन्हाळा असो की हिवाळा, माझ्या गळ्याला रुमाल असतो, आणि त्याखाली काय आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

"ना... नाही."

मी पुढे झाले. मुलाने माझा दंड धरला, इतका घट्ट की पुढे आठवडाभर तिथे निळे वळ होते. मी काठी उचलली आणि त्याच्या मनगटावर हाडाचा आवाज येईल अशी हाणली. तो कळवळून मागे सरला. मी रुमाल सोडून फोनसमोर उभी राहिले.

"डॉक्टरबाई, इकडे पाहा. मी हिची सख्खी आजी, हिच्या बापाची आई. आपण ज्या प्रकाराचे नाव घेतलेत, तोच माझ्या गळ्यातून कापून काढला. या कानाखालून त्या कानाखालपर्यंत." मग मी नातीकडे वळले. "आणि तू, ते जॅकेट काढ."

तिने स्वेटर उतरवला आणि पट्टे सोडले. जॅकेट फरशीवर आदळले आणि फरशीला तडा गेला. काट्यावर साठ आले.

डॉक्टरबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. "हे औषध तुम्हाला मी देणार नाही," त्या नातीला म्हणाल्या, "आणि दुसऱ्या कुणाकडूनही घेऊ नका. भूक मारून, इतकं वजन पाडून रिंगणात उतरलात, तर एक ठोसा पुरे होईल. आणि आजी, तुमच्या मुलाची तपासणी झाली आहे का? हा आजार रक्तातून उतरू शकतो."

झाली नव्हती. माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यालाही तपासून घ्यायला सांगितले होते, तेव्हा तो म्हणाला होता, मला काही होत नाही.

त्याने फोन हिसकावला आणि भिंतीवर फोडला. मग सुनेला म्हणाला, "आईपुढे धरलास फोन! तुझ्या बापाचा होता?" आणि उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारले. ती दोरांवर आपटली, तिचा ओठ दातांत सापडून फाटला. त्याने दुसऱ्यांदा हात उचलला.

अंगावरचे बावीस किलो उतरले की माणूस किती हलका होतो, हे त्याने विचारात घेतले नव्हते. नातीचा डावा हात मला दिसलाच नाही. ग्लोव्ह नव्हता, पट्टी नव्हती. बापाचा जबडा कडकन वाजला आणि तो सरळ जमिनीवर गेला. एक दात घरंगळत माझ्या चपलेपाशी आला.

"एक," मी मोजू लागले. "दोन."

"आजी!" नात रडत होती. तिची बोटे सोलली होती.

"मोजताना मध्ये बोलू नये. तीन."

आठला तो गुडघ्यावर आला. नऊला मी काठी त्याच्या खांद्यावर टेकवली आणि दाबली.

"बस खाली. हॉलची चावी टाक. आजपासून हिच्या कोपऱ्यात तू नाहीस. आणि सुनेवर पुन्हा हात उचललास, तर दहा मोजायला मी पोलिसांना बोलावीन."

तोंडातले रक्त गिळत त्याने चावी टाकली.

पुढच्या आठवड्यात सून त्याच डॉक्टरबाईंसमोर काट्यावर उभी राहिली. फोन मी धरला होता. वजन, साखर, रक्तदाब, सगळे पाहून झाल्यावर त्यांनी जरा बिचकतच विचारले, "अंगात काही लपवलेलं नाही ना?"

"कुठलं हो! आहे ते सगळं माझंच आहे," सून म्हणाली. फाटलेला ओठ ताणत ती हसली, ते मी फार दिवसांनी पाहिले.

तिला आधी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, मग औषध. माझ्या गळ्याचा तिला अडसर नव्हता. ती परक्या रक्ताची, हे पहिल्यांदाच तिच्या कामी आले.

नात साठच्याच गटात राहिली. सामन्याच्या दिवशी तिने वजन दिले आणि तिथेच सगळ्यांदेखत बसून पोटभर जेवली. कोपऱ्यात सून बादली घेऊन उभी होती आणि मी स्टुलावर. दुसऱ्या फेरीत वेल्डरच्या मुलीने तिची भुवई फोडली, तिसरीत पुन्हा तेच नाक. रक्त डोळ्यांत उतरत होते.

"आई गं!" सून ओरडली.

"उघडे आहेत," मी म्हणाले. "डोळे बघ तिचे. उघडे आहेत."

त्या उघड्या डोळ्यांनी तिने पुढचा ठोसा येताना पाहिला, खाली वाकली आणि डावा हात बरगड्यांच्या खाली असा घुसवला की वेल्डरच्या मुलीचे दातांवरचे रबरी गार्ड तोंडातून उडून दोरांपलीकडे पडले. पंचांनी मोजायला सुरुवात केली.

सर्वांत मागच्या रांगेत माझा मुलगा एकटा उभा होता. जबडा अजून काळानिळा होता. त्याच्या गळ्यावर तपासणीची सुई टोचल्याजागी लावतात तशी छोटी पांढरी पट्टी होती, आणि पंचांबरोबर त्याचे ओठ हलत होते. आठ, नऊ, दहा.