पुलावरची बांधणी

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. नाक मुरडू नका. माझ्या अंगाला डिझेलचा आणि पोत्यांचा वास येतो हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या घरात आलेल्या किती वस्तू माझ्या पांघरुणाखालून आल्या हे कळलं, तर तुम्हीच उठून मला जागा द्याल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड सुती कापड, त्यावर मेणाचा थर, कडा दुमडून शिवलेल्या आणि त्यांत ठोकलेल्या पितळी कड्या. कड्या ठोकताना दुखलं, पण कान टोचल्याशिवाय दागिना घालता येत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. मला एका जोडप्यानं विकत घेतलं. नवरा लहानसा ट्रक चालवायचा आणि बायकोही त्याच्याबरोबर गाडीवर असायची. तिला सगळे वहिनी म्हणत. त्यांनी माझ्यासोबत आणखी एक ताडपत्री घेतली. ट्रकच्या पुढच्या अर्ध्या भागावर मी आणि मागच्या अर्ध्यावर ती. एकाच घरात नांदायचं म्हणून मी तिला जाऊबाई म्हणू लागले. आमचं फारसं पटायचं नाही, पण काम आलं की दोघी एक व्हायचो.

आमचं काम एका जुन्या पुलावर होतं. पूल अरुंद आणि म्हातारा, त्यामुळे मोठ्या ट्रकांना त्यावर बंदी होती. ते अलीकडच्या काठावर थांबत. हमाल त्यांतला माल उतरवून आमच्या लहान ट्रकमध्ये भरत, आम्ही तो पलीकडे नेत असू, आणि तिथे हमाल पुन्हा तो उतरवून दुसऱ्या मोठ्या ट्रकमध्ये चढवत. एवढीशी नदी, पण ती ओलांडताना मालाच्या नाकी नऊ येत. रांगेत टोमॅटो मऊ पडत. काचेच्या पेट्या आतून खुळखुळू लागत. औषधांची वाट बघणारे दवाखाने वाटच बघत राहत. परतताना आमचा ट्रक रिकामाच यायचा, आणि रिकाम्या गाडीलाही डिझेल लागतंच.

पलीकडच्या काठावर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. तिथे ट्रक वळवायला जागाच नव्हती. म्हणून भरलेला ट्रक अख्खा पूल उलटा, मागे मागे चालत पार करायचा. यात आमच्या मालकाचा हात कोणी धरला नसता. म्हणून त्याचं नावच पडलं होतं ‘रिव्हर्स भाऊ’. वहिनी मागे चालत राहायची आणि ओरडायची, “येऊ द्या, येऊ द्या... अहो, डावीकडे बघा, नदीला भेटायला निघालात का?”

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. दोन ताडपत्र्या बांधताना, जिकडून वारा येतो तिकडची वर ठेवायची असते. कौलांसारखंच आहे ते. नाहीतर वारा फटीत शिरतो आणि त्याच्या मागून पाऊस. सगळ्या जगात ट्रक पुढे धावतो, म्हणून पुढची ताडपत्री वर असते. आमच्या पुलावर मात्र पलीकडून सतत वारा यायचा आणि ट्रक तिकडे पाठ करून चालायचा. म्हणून मागची, म्हणजे जाऊबाई, वर आणि मी खाली. सगळे याला पुलावरची बांधणी म्हणत. माझा मान गेला म्हणून मी सुरुवातीला धुसफुसले, मग तेही अंगवळणी पडलं. आमच्या खालचं एक पोतंसुद्धा कधी भिजलं नाही. हमाल म्हणायचे, “रिव्हर्स भाऊची बांधणी म्हणजे पेटीला कुलूप.” हे ऐकून मी फुगायचे, खरंच सांगते.

मग नवा पूल झाला. रुंद, सरळ, भक्कम. मोठे ट्रक न थांबता जाऊ लागले, टोमॅटो ताजे पोचू लागले, औषधं वेळेवर. मलाही आनंद झाला. पण काठावरचा चहावाला टपरी उचलून गेला, हमाल पांगले आणि आमचा ट्रक घरापुढे उभा राहिला. मला गुंडाळून भिंतीशी टाकलं. कोंबड्यांनी माझ्यावर संसार थाटला. रिव्हर्स भाऊ रोज सकाळी ट्रक पुसायचा आणि कुठेही न जाता घरात यायचा. ते बघून माझा जीव तुटायचा.

एके दिवशी वहिनीनं मला झटकलं तेव्हा कळलं की काम आलं आहे. दूरच्या शहरात बियाण्यांचं मोठं गोदाम होतं. तिथल्या गोदामबाईंनी निरोप दिला होता, “एक खेप आणून दाखवा. माल कोरडा आला तर दर आठवड्याची खेप तुमची.” ही खेप बिघडली तर ट्रक विकावा लागणार होता. वहिनी माझं भोक शिवताना पुन्हा पुन्हा टाका तपासत होती.

पोती भरली. रिव्हर्स भाऊनं स्वतः आम्हाला अंथरलं आणि दोर आवळले. जाऊबाई माझ्यावर चढली. आज ट्रक पुढे धावणार होता आणि त्यानं पुलावरची बांधणी बांधली होती! वहिनीनं सगळ्या गाठी ओढून पाहिल्या आणि म्हणाली, “एकदम पक्कं.” तीही पुलावरच शिकलेली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

नव्या पुलावरून ट्रक भरधाव निघाला. वारा थेट जाऊबाईच्या कडेखाली घुसला. तिनं धरून ठेवलं, मीही ठेवलं. त्या दिवशी आम्ही दोघी भांडलो नाही. मग आभाळ भरून आलं.

“अहो, वर काहीतरी फडफडतंय,” वहिनी म्हणाली.

“फडफडणारच. किती वर्षांनी एवढा पळतोय आपण!” रिव्हर्स भाऊ हसत म्हणाला.

पावसाची सर आली आणि तेवढ्यात माझी एक कडी कापडासकट उपटून निघाली. तो आवाज केबिनमध्येही ऐकू गेला. ट्रक थांबला. रिव्हर्स भाऊ वर चढला, आमच्याकडे बघतच राहिला आणि भिजलेल्या पोत्यांवर मटकन बसला.

“अगं, मी पुलावरची बांधणी बांधली,” तो म्हणाला. “पूलच राहिला नाही, आणि मी अजून त्याच्यावरच आहे.”

“डोकं नंतर धरा, आधी झाका!” वहिनीनं खालून दोर फेकला. ती स्वतः भिजून चिंब झाली होती. दोघांनी आम्हाला सोडलं आणि सरळ बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वर होते, पण त्याचा आनंद कसला होणार?

गोदामाशी पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. बाहेरून सगळं ठाकठीक दिसत होतं, कारण भिजलेली पोती आम्हा दोघींच्या जोडाखालच्या, मधल्या रांगेत होती आणि त्यांचं तागाचं कापड वरून सुकलं होतं. ती तशीच थप्पीत गेली असती तर पेरणीपर्यंत कोणालाही पत्ता लागला नसता. वहिनी नवऱ्याकडे बघत होती. तो गोदामबाईंपुढे जाऊन उभा राहिला.

“बाई, मधली पोती भिजली आहेत. माझ्याच चुकीनं. ती थप्पीत घालू नका, बियाणं आतल्या आत सडेल.”

बाईंचा चेहरा कठोर झाला. “मी कोरडा माल म्हटलं होतं.”

“हो,” तो म्हणाला.

बाईंनी पोती उघडून हात घातला, मग इकडेतिकडे बघितलं. “ती ताडपत्री खाली अंथरा,” त्या म्हणाल्या. छपराखालच्या सावलीत मला पसरलं. सगळ्यांनी मिळून ओलं बियाणं माझ्यावर ओतलं आणि हातांनी पातळ पसरवलं. वहिनी दिवसभर ते वरखाली करत होती. रिव्हर्स भाऊनं डब्यातली पोळी उघडलीसुद्धा नाही. संध्याकाळी बाईंनी मूठभर दाणे उचलून दाताखाली धरले. कट् असा कोरडा आवाज आला.

“पुढच्या आठवड्यात लवकर या,” त्या म्हणाल्या.

रिव्हर्स भाऊला कळेचना. “पण माल तर भिजला होता, बाई.”

“भिजलेला माल माझ्याकडे पुष्कळ येतो. भिजलाय हे मला दर वेळी पेरणीनंतर कळतं.” एवढं बोलून बाई आत गेल्या. वहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, “आता तरी ती पोळी खा!”

आता त्या ट्रकला पत्र्याचं बंद छप्पर आहे आणि मी गोदामात बियाणं वाळवण्याच्या कामाला आहे. जाऊबाई शेजारीच असते. अजून कुरकुर करते. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन नवे रस्ते, नवे पूल जरूर बांधा. फक्त जुन्या वाटेवर शिकलेल्या हातांना नवी गाठ शिकायला थोडा वेळ द्या. आणि माझ्यासारखी एखादी ताडपत्री तुमच्या हाती आली, तर घडी घालण्याआधी तिला उलगडून पूर्ण वाळू द्या. ओली घडी घातली की आम्ही आतून कुजत जातो, आणि वरून कोणाला दिसत नाही.