चव घेणं म्हणजे खाणं नव्हे

बाबांच्या रक्तातलं पोटॅशियम सहा पॉइंट एक आलं आणि घरात पहिला संशय आईवर गेला. पोटॅशियम निघून जावं म्हणून दोन महिने ती प्रत्येक भाजी दोनदा उकडून पाणी ओतून देत होती. ताटात जे यायचं ते निवृत्त कारकुनासारखं दिसायचं. रंग उडालेला, कशाशी घेणंदेणं नाही.

"म्हणजे मीच विष कालवतेय!" आई म्हणाली.

"तसं कुठे म्हणालो? भाजीनं केलं असेल," बाबा म्हणाले.

मूत्रपिंडाचे डॉक्टर हसले नाहीत. अजून वाढलं तर हृदय न सांगता थांबेल, एवढंच म्हणाले. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "केळी, संत्री, खरबूज खाता?"

"एकही फळ खात नाही, मॅडम."

आमचं फळांचं दुकान आहे. बाईंना केवढं कौतुक वाटलं.

मला वाटलं नाही. शनिवारी मी दुकानात स्टुलावर ठाण मांडलं. बाबांनी पेटी फोडली, एक फोड तोंडात. गिऱ्हाइकानं विचारलं गोड आहे का, एक फोड त्याला, एक स्वतःला. दुपारपर्यंत खरबुजाच्या अकरा फोडी, संत्र्याच्या नऊ आणि दीड केळं.

"बाबा, हे काय चाललंय?"

"धंदा."

"तुम्ही खाताय!"

"चव घेतोय. खाणं म्हणजे बसून, ताटात."

"पोटात गेल्यावर कोण विचारतं, उभ्यानं आलात की बसून?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते, हेच भयंकर होतं. चाळीस वर्षांत त्यांनी न चाखलेलं फळ विकलं नव्हतं आणि त्यातलं एकही, त्यांच्या मते, खाल्लं नव्हतं.

"आईला उगाच बोल लागला," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात एका बाईंनी खरबूज उचललं. "काका, गोड निघेल ना?"

बाबांचा हात सुरीकडे गेला. मी मनगट धरलं.

"ही चाखेल," बाबा म्हणाले.

मी चाखलं.

"कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"खरबुजासारखं."

बाईंनी खरबूज अलगद खाली ठेवलं आणि समोरच्या दुकानात गेल्या.

"मग मी खायचं तरी काय?" बाबा त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाले.

"सफरचंद चालेल म्हणाल्यात आहारतज्ज्ञ बाई. दिवसाला एक. लहान."

बाबांनी सफरचंदांच्या पेटीतून एक काढलं. वास घेतला, नखानं टिचकी मारली.

"चव बघू?"

"बघा. पण मग आजचं संपलं."

त्यांनी ते परत ठेवलं. दुसरं घेतलं. तेही ठेवलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. बाबांना त्यांचं भानच नव्हतं.

"घाई करू नकोस," ते मला म्हणाले. मी काहीच बोलले नव्हते.