डावीकडची करकर

कानसेनांच्या व्याख्यानांना लोक यायचे ते मुख्यतः एका करकरीसाठी.

जुन्या रॉक गाण्यांचं रेकॉर्डिंग कसं झालं, हा कानसेनांचा विषय. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दर महिन्याला वाचनालयाच्या सभागृहात बोलायला सुरुवात केली. गायकाचा आवाज घुमावा म्हणून त्याला फरशीच्या जिन्यात कसं उभं केलं, टेपवर चारच पट्ट्या होत्या तेव्हा तीन वाद्यं एका पट्टीत कशी कोंबली, हे ते अशा थाटात सांगत की जणू कोंबताना एका बाजूने त्यांनीच दाबून धरलं होतं. 'कानसेन' हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही.

आता ती करकर. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी सगळी वाद्यं क्षणभर थांबतात आणि ड्रमवाल्याचं स्टूल करकरतं. फक्त डाव्या बाजूला. ध्वनिमुद्रकाला ती काढायची होती, पण त्यासाठी गाणं परत वाजवून घ्यावं लागलं असतं आणि ड्रमवाला तोवर रुसून घरी गेला होता. म्हणून करकर राहिली. कानसेन डावा हात वर करून हळूच म्हणत, "आता. डावीकडे." सभागृह श्वास रोखून धरी.

त्या संध्याकाळी हात वर गेला, वाद्यं थांबली, आणि कानसेनांना काहीही ऐकू आलं नाही.

सभागृहाने मात्र माना डोलावल्या. पहिल्या रांगेतल्या निवृत्त न्यायाधीशांनी डोळे मिटून "वा" असा निकाल दिला. औषधवाल्यांच्या पत्नीने अंगावर आलेला काटा शेजारणीला दाखवला. मागून कुणीतरी म्हणालं की आज तर स्टूल लाकडी होतं हेसुद्धा कळलं.

खरं तर शंका त्यांना पहिल्या गाण्यापासून येत होती. सगळा आवाज उजवीकडे कलल्यासारखा वाटत होता. नुकतीच सर्दी होऊन गेली होती, म्हणून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलंही होतं, डावीकडची गिटार नीट येतेय ना. एकदम स्पष्ट, असं चहूकडून उत्तर आलं. एवढ्या सुशिक्षित माणसांना ऐकू येतंय आणि आपल्याला नाही, याचा अर्थ एकच होता. डावा कान गेला.

घरी जाताना बायको नेहमीप्रमाणे त्यांच्या डाव्या हाताला चालत होती आणि बोलत होती. तिचं सगळं ऐकू येत होतं. पण कानसेनांनी तो पुरावा ग्राह्य धरला नाही. ती काय बोलणार हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात आधीच माहीत असे, त्यासाठी कानाची गरज नव्हती.

शेवटी त्यांनी तिला सांगितलं. ती थांबली.

"अहो, मला तरी कुठे ऐकू आलं?"

"तू माझी समजूत काढू नकोस."

"मी कशाला काढू? मी शब्दकोडं सोडवत होते. सगळ्यांनी मान हलवली तेव्हा मीही हलवली."

"दर वेळी?"

"लग्न झाल्यापासून, घरी ऐकवायचात तेव्हाही," ती म्हणाली. "तुम्ही हात वर करता ना, तेवढं बघून कळतं."

या खुलाशाने एरवी ते आठवडाभर अबोला धरून बसले असते. त्या दिवशी त्यांना तेवढीही उमेद नव्हती. एका कानाच्या कानसेनाला कोण बोलावणार? उरणार काय, तर विमा कंपनीचा निवृत्त अधिकारी, ज्याच्या भाषणाला त्याचा सख्खा भाऊ आला नसता. घरी हेडफोन लावून तेच गाणं ऐकलं असतं तर सोक्षमोक्ष लागला असता. नेमका म्हणूनच त्यांनी हेडफोन कपाटात टाकला. पुढच्या व्याख्यानाला घसा बसल्याचं कारण सांगायचं, असंही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

बायकोने मात्र परस्पर कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून बारीक शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. कानसेन परीक्षेला बसलेल्या पोरासारखे घामाघूम झाले. बाहेर आल्यावर बाईंनी आलेख पुढे धरला आणि म्हणाल्या की या वयाला इतके ठणठणीत कान त्या क्वचितच बघतात, दोन्ही. कानसेनांनी वाद घातला. साठेक शहाण्या माणसांना ऐकू आलं ते मला आलं नाही, हे कसं काय?

"मग त्या साठ जणांना पाठवा माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी कपाटातला हेडफोन काढून तेच गाणं लावलं. वाद्यं थांबली आणि डाव्या कानात स्टूल करकरलं. कानसेन खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी ती करकर पुन्हा लावली, मग आणखी एकदा. बायको दारात येऊन उभी राहिली. त्यांनी तिच्याही कानांना हेडफोन लावला.

"हे होय ते," ती म्हणाली. "दारासारखं वाजतंय की."

यापेक्षा गोड शब्द त्यांनी तिच्या तोंडून ऐकले नव्हते.

सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे उलगडा झाला. मध्यंतराच्या चहाचं पाणी तापवायला त्याने सुरुवातीलाच एक प्लग काढून बॉयलर लावला होता. तो प्लग डाव्या स्पीकरचा होता. संध्याकाळभर डावी बाजू ठार मुकी होती. व्यवस्थापकाने माफी मागितली, तर कानसेनांनी त्याला जवळजवळ मिठी मारली.

पुढच्या व्याख्यानाला सगळं खरं सांगून टाकायचं, असं ते घरून ठरवून निघाले. त्याआधी दोन्ही स्पीकर लावून त्यांनी तेच गाणं वाजवलं. हात वर गेला. वाद्यं थांबली आणि डावीकडून करकर आली, इतकी स्वच्छ की खिडकीजवळच्या एका गृहस्थांनी वळून मागे दाराकडे पाहिलं.

कुणी मान डोलावली नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. अखेर न्यायाधीश घसा साफ करून अदबीने म्हणाले, "राग मानू नका, पण मागच्या वेळी ती जास्त स्पष्ट होती."

सभागृहाने माना डोलावल्या. औषधवाल्यांच्या पत्नीने हाताकडे पाहिलं. आज काटा आला नव्हता.

कानसेनांनी बायकोकडे पाहिलं. तिने कोडं मिटून ठेवलं होतं आणि आता नवरा काय करतो ते बघत होती. खरं सांगायला तोंड उघडलं, तर हसू फुटेल अशी त्यांना भीती वाटली. दोन्ही कान शाबूत असलेल्या माणसाला कुणाचाही पाणउतारा करावासा वाटत नाही.

"तुमचं बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "मागच्या वेळची शांतता काही वेगळीच होती."