डावीकडची सीट

"टॉर्च दे," बाबा गाडीखाली वाकून म्हणाले.

"तुमच्याच हातात आहे."

"मग उजेड का पडत नाही?"

"बटण दाबलेलं नाही."

गाडीखाली टक् असा आवाज झाला. मग उजेड पडला.

रविवारची सकाळ होती. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जुनं वर्तमानपत्र अंथरून बाबा त्यावर गुडघे टेकून बसले होते आणि आमच्या उंच, करड्या एसयूव्हीच्या पोटाखाली बघत होते. तेलाचा थेंब पडलाय का, ब्रेकच्या नळीला ओल आहे का. त्यानंतर टायरमधली हवा मोजायची, गाडी गार असतानाच, कारण चालून आल्यावरचा आकडा खोटा. मग स्टेपनी, जी कुणीच मोजत नाही. मग ड्रायव्हरच्या पायाशी काही पडलंय का, ते. पाण्याची बाटली दिसली की तिची रवानगी मागे.

"गडगडत ब्रेकखाली गेली की संपलं," ते म्हणायचे. काय संपलं, ते सांगायचे नाहीत.

बाबा मोटार विम्याचे सर्वेअर होते. अपघात झालेल्या गाड्या बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पोलीस चौकीच्या आवारात, ढाब्याच्या मागे, कुठेकुठे ओढून आणून ठेवलेल्या चेपलेल्या पत्र्यासमोर ते उभे राहायचे, काय घडलं असेल ते ताडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन हात कोपरापर्यंत धुवायचे. जेवताना त्यातलं अवाक्षर काढत नसत. फक्त घरात एकेक नियम वाढत जाई. डॅशबोर्डवर गणपती नको, देव घरात. टपावर सामान नको, उंच गाडी वळणावर आधीच कलते. कुत्रं आडवं आलं तर ब्रेक दाबायचा, स्टिअरिंगला हिसका द्यायचा नाही. प्रत्येक नियमामागे कुणीतरी माणूस होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

"झाली का पूजा?" आईने पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून विचारलं.

"हवा बघतोय."

"माझं बीपी कधी बघितलंत इतक्या प्रेमाने?"

"तुझा आकडा नेहमी जास्तच येतो. त्यात बघायचं काय?"

ही सात सीटची गाडी बाबांनी माझ्या भावासाठी, सलिलसाठी घेतली होती. तो परदेशातून बायकोमुलांना घेऊन आला की सगळ्यांना एकत्र कोकणात जाता यावं म्हणून. सलिल आला, पण दरवेळी घाईत. शेवटच्या रांगेतल्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. पेठेतल्या गल्ल्यांत भाजी आणायला ही गाडी निरुपयोगी, आणि नुसती उभी ठेवली तर बिघडते. म्हणून दर रविवारी तिला जुन्या कात्रज घाटातून खेड शिवापूरपर्यंत न्यायचं, तिथे चहा प्यायचा आणि परत यायचं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, लग्न मोडल्यापासून आई-बाबांकडेच राहते, आणि रविवारी मला दुसरीकडे कुठे जायचं नसतं.

"आई, चल की तू पण."

"नको बाई. यांच्या शेजारी बसलं की माझाही पाय ब्रेक शोधत बसतो."

"दार नीट लाव," बाबा तिला म्हणाले. गॅलरीच्या दाराची कडी नीट बसत नसे. आईने दार लावलं आणि आम्ही निघालो.

आमच्या घरात कौतुक करण्याची पद्धत नव्हती. चूक सापडली नाही की गप्प बसायचं, हेच कौतुक. आईने आमटी केली आणि बाबा मुकाट्याने जेवले, तर ती भांडी आवरताना म्हणे, "आज जमलेली दिसते." मला गाडी त्यांनीच शिकवली. शहरात मी त्यांना शेजारी बसवून कितीतरी वर्षं गाडी चालवत होते, आणि घर ते स्वारगेट एवढ्या अंतरातसुद्धा ते कधी गप्प बसले नव्हते. घाट तर त्यांनी माझ्या हातात दिलाच नव्हता. मला तो हवा होता. इतक्या वयाच्या बाईने असं काही हवं असणं विचित्र आहे, पण होतं खरं.

चहा पिऊन झाल्यावर बाबांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू घे."

"घाटात?"

"नाही, समुद्रात. ऊन डोळ्यांवर येतंय माझ्या."

पुण्याकडे तोंड केलं की ऊन पाठीमागून येत होतं. मी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी किल्ली परत घेतली असती.

ते वळसा घालून डावीकडे गेले. पाय पसरता यावेत म्हणून सीट मागे सरकवली, पाठ मात्र ताठच ठेवली, कारण सीट आडवी केली तर बेल्टचा उपयोग नाही. पट्टा हिसडून बघितला. मग माझा बघितला.

चढावर सूचना सुरू झाल्या.

"खालचा गिअर टाक. धापा टाकतेय ती."

"टाकलाय."

"मग आवाज का येतोय? त्या ट्रकला चिकटू नकोस. त्याचा आरसा दिसतो का तुला?"

"अर्धा."

"मग त्याला तू अर्धी दिसतेस."

मी मागे राहिले. बोगदा आला, संपला, आणि उतार लागला. खाली धुरकट पांढऱ्या उन्हात पुणे पसरलं होतं.

"उताराला ब्रेकवर उभी राहू नकोस. गिअरच धरून ठेवेल तिला," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "क्लचवरचा पाय काढ."

मी पाय काढला.

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. एका वळणावर मोटारसायकलवाला माझ्या बाजूला घुसून समोर आला. मी सरळ ब्रेक दाबला, हिसका दिला नाही, त्याला जाऊ दिलं. आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून वाट बघितली. काही नाही. पुढचं वळण मी बाहेरून रुंद घेतलं आणि आत आणलं, जसं ते घेत. काही नाही. कात्रजला पोचेपर्यंत माझे खांदे सैल झाले होते. सिग्नलला तिरक्या नजरेने बघितलं, तर त्यांची हनुवटी छातीवर आली होती. डोळे मिटलेले.

बाबा दुसऱ्याच्या गाडीत झोपत नसत. एसटीत नाही, टॅक्सीत नाही, सलिलच्या मोठ्या गुळगुळीत रस्त्यांवरही नाही. आम्ही लहान असताना मागच्या सीटवर झोपायचो ते आम्ही दोघं. गाडी दारात उभी राहिली की पुढून आवाज यायचा, "घर आलं. उठा." उचलून वगैरे कधी नेलं नाही. पण तो आवाज आला की काही काळजी नाही, एवढं त्या अर्धवट झोपेतही कळायचं.

स्वारगेटपासून मी खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता गाडी आणली. त्यांना धक्का लागू नये, एवढंच मनात होतं. आमच्या पार्किंगमध्ये गाडी उलटी घालावी लागते. दोन्ही बाजूंना खांब. दरवेळी बाबा उतरून मागे उभे राहत आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडत. त्या दिवशी मी एकटीने आरशांत बघत गाडी मागे घेतली. एका दमात बसली. इंजिन जरा वेळ चालू ठेवून मग बंद केलं, त्यांनी शिकवलं होतं तसं. हँडब्रेक ओढला.

त्यांना उठवलं नाही. मी तशीच बसून राहिले. खरं सांगायचं, तर त्या काही मिनिटांत मी फार सुखात होते.

"अगं, वर या दोघं," आईने वरून हाक मारली. "आमटी गार होतेय."

तेव्हा मी त्यांच्या हाताला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच. त्रास झाला नसणार. मी विचारलं, कधी? ते म्हणाले, "ते कसं सांगणार? घाटात असेल, नंतरही असेल. तुम्ही थांबला असतात तरी काही करता आलं नसतं." मी त्यासाठी विचारलं नव्हतं. मला फक्त कुठल्या वळणापर्यंत आम्ही दोघं होतो, ते हवं होतं. मोटारसायकलवाला बाबांनी बघितला होता की नाही. पट्टा त्यांनी हिसडून बघितला होता आणि पट्ट्याने आपलं काम केलं. एकाही वळणावर त्यांना कलू दिलं नाही. मला कळू दिलं नाही.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर आईने विचारलं, "शेवटचं काही बोलले का गं?"

"नाही. झोपले होते."

ती मान हलवून आत गेली. मी तिला काय सांगणार होते?

सलिल येऊन गेला. जाताना म्हणाला, "ताई, गाडी काढून टाक. सात सीट घेऊन तुम्ही दोघी काय करणार?" चुकीचं काही बोलला नाही. मी बघते म्हणाले. बघितलं मात्र काही नाही. कॉलेजला जाताना खांबाच्या कडेकडेने, गाडीकडे न बघता बाहेर पडायची सवय लावून घेतली. तिच्यावर धूळ बसली. कुणाच्या तरी मांजराने टपावर जागा केली. एकदा धीर करून किल्ली फिरवली तर नुसतं टकटक वाजलं.

बाबांचा कसबा पेठेतला मेकॅनिक मच्छिंद्र दुसरी बॅटरी घेऊन आला, वायरी जोडल्या, आणि गाडी खोकत चालू झाली.

"नुसती जागेवर चालू-बंद करू नका, ताई. तेवढ्याने काय होत नाही. रस्त्यावर काढा, नाहीतर विका. अशी ठेवू नका."

"विकायचीच आहे."

"मग गिऱ्हाईक यायच्या आत एक चक्कर मारून आणा. साहेबांची गाडी आहे. बंद पडलेली दाखवू नका."

त्या रविवारी मी टॉर्च घेऊन खाली गेले. वर्तमानपत्र अंथरलं. गाडीखाली तेल नव्हतं. एक टायर बसला होता, त्यात पायपंपाने हवा भरली. स्टेपनी बघितली. उठून उभी राहते तर आई चपला घालून समोर.

"मी येते."

"आई, मी घाटात जाणार आहे."

"मग काय, मला घाट माहीत नाही?"

ती डावीकडे बसली. सीट बाबांनी मागे सरकवली होती, तशीच होती. आईचे पाय खाली नीट टेकत नव्हते.

"पुढे घेऊ का?"

"असू दे."

मी तिचा पट्टा हिसडून बघितला. "पुरे," ती म्हणाली.

खेड शिवापूरला तिने चहा घेतला नाही. परत येताना चढावर हातात रुमालाची घडी धरून समोर बघत राहिली. बोगदा संपला. उतार लागला. मी गिअर खाली घेतला.

"कुठे?" तिने विचारलं.

"माहीत नाही, आई." पुढे एक वळण गेलं. मग मी म्हणाले, "इथे बोलले होते. क्लचवरचा पाय काढ, म्हणाले. तेच शेवटचं."

आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडून आधी हसल्यासारखा आवाज आला, मग रुमाल तोंडाशी गेला.

"मला म्हणाले, दार नीट लाव," ती जरा वेळाने म्हणाली. "एवढ्या वर्षांच्या संसारात जाताना काय सांगायचं, तर दार नीट लाव."

"लावलंस ना?"

"लावलं की. रोज लावते." तिने नाक पुसलं. "आणि तू? काढलास का पाय?"

"काढला."

"मग झालं तर. त्यानंतर बोलायला त्यांना काही सापडलं नसेल. सापडलं असतं, तर ते गप्प बसणारे होते का?"

कात्रजपर्यंत मी गाडी गिअरवरच उतरवली.

पार्किंगसमोर आई आधी उतरली. मागे उभी राहते म्हणाली. मी म्हटलं, नको, तू वर जा, कुकर लाव. ती जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढत गेली. मी गाडी मागे घ्यायला लागले. पहिल्यांदा खांबाच्या फार जवळ गेली. पुढे घेऊन परत आणली. दुसऱ्यांदा बसली.

इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. मग बंद केलं. हँडब्रेक ओढला. वर गॅलरीचं दार उघडल्याचा, मग कडी घातल्याचा आवाज आला. आईचा पट्टा सुटून जागेवर गेला होता. मागे सरकवलेली सीट रिकामी होती.

"बाबा," मी म्हणाले, "घर आलं. उठा."