इस्त्री केलेली पत्रे

मित्रांनो, मला उचलायचे तर तुम्हाला दोन्ही हात लावावे लागतील. मी पितळेची, कोळशावर तापणारी इस्त्री आहे. कल्याणच्या एका ओताऱ्याने मला घडवले. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी पोपट परटाने मला डोंबिवलीला आणले. एका चाळीच्या जिन्याखाली त्याची फळी होती. तो मला रोज चिंचेने घासायचा. कचेरीला जाणारे लोक मी घातलेल्या घड्या मोडून अंगात सदरे घालत आणि म्हणत, "पोपट, तुझ्या इस्त्रीला तोड नाही." ते ऐकून मला फार बरे वाटे.

त्या चाळीत वरच्या मजल्यावर गुरुदत्त राहत होता. तो ठाण्याला कचेरीत कारकून होता. त्रेपन्न साली त्याच्या बायकोला, सुहासिनीला क्षय झाला आणि तिला डोंगरावरच्या सॅनिटोरियममध्ये ठेवावे लागले. मागे राहिली सहा वर्षांची प्रमोदिनी.

मित्रांनो, त्या काळी या रोगाचे नाव घेताना माणसे आवाज खाली आणत. चाळीत रोज वाद चाले. कोणी म्हणे तो भांड्यांतून पसरतो, कोणी म्हणे कपड्यांतून, तर कोणी म्हणे त्या घरावरून येणाऱ्या वाऱ्यातून. प्रमोदिनीला कोणी खेळायला घेईना.

मग सुहासिनीचे पहिले पत्र आले. शेजारच्या खोलीतले अण्णा जिन्यातच आडवे आले. अण्णा निवृत्त मास्तर होते. संध्याकाळी चाळीतली अकरा मुले त्यांच्या खोलीत शिकवणीला बसत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला मान होता.

"गुरुदत्त, पत्र वर नेऊ नकोस," ते म्हणाले. "कागदाला जंतू चिकटून येतात. जाळ म्हणत नाही मी, पण निदान शेकून तरी घे."

"शेकू कशावर?"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवले.

तेव्हापासून दर आठवड्याचे पत्र आधी माझ्याखाली येऊ लागले. पोपट त्यावर ओले फडके पसरायचा आणि मला हलक्या हाताने फिरवायचा. प्रमोदिनी फळीपाशी उभी राहून वाट बघायची. गरम कागद हातात आला की ती तो गालाला लावायची. जंतू मारणारी इस्त्री म्हणून माझे कौतुक झाले, आणि खरे सांगते, मी फुगून गेले.

ते कौतुक महिनाभरही टिकले नाही. त्याच इस्त्रीने आमचे कपडे कसे करता, असे बायका विचारू लागल्या. एकेका घराने कपडे देणे बंद केले. पोपट चिडला. पत्रावर फडके पसरून मला त्यावर टेकवत तो अण्णांना म्हणाला, "अण्णा, इस्त्रीनं जंतू मरतात असं तुम्हीच बोललात ना? मग माझ्या इस्त्रीला जंतू लागले कसे?"

 अण्णांना खोकल्याची उबळ आली. पोपट रागाने त्यांच्याकडेच बघत राहिला आणि मी पत्रावर तशीच राहिले. फडके करपल्याचा वास आला तेव्हा त्याने मला उचलले. पत्राचा खालचा अर्धा भाग काळा पडला होता. शेवटची वाचता येणारी ओळ एवढीच होती: 'अण्णांना आवर्जून सांगा, की त्यांचा...'

"माझा काय?" अण्णांनी विचारले. ते कोणाला सांगता येणार?

गुरुदत्तने सुहासिनीला विचारायला पत्र टाकले. ते आठ दिवस मला फार जड गेले. अण्णा रोज सकाळी फळीपाशी येत. "तिच्या मुलीला वाळीत टाकलं, तेच लिहिलं असेल," ते एकदा पोपटला म्हणाले. "लिहिलं असेल तर बरोबरच आहे तिचं."

उत्तर आले तेव्हा पोपट कोळसे फुंकू लागला. "राहू दे," अण्णा म्हणाले. "गुरुदत्त, तसंच वाच."

गुरुदत्तने वाचले: 'अण्णांना आवर्जून सांगा, की त्यांचा खोकला मला इथे सारखा आठवतो. माझाही असाच सुरू झाला होता. इथले डॉक्टर सांगतात की हा आजार पत्रांतून आणि कपड्यांतून येत नाही. आजारी माणूस खोकतो, आणि बंद खोलीत त्याच्याजवळ रोज बसणाऱ्याला तो होतो. अण्णांनी छातीचा फोटो काढावा. वेळेवर कळले तर औषध आहे. मी बरी होते आहे.'

अण्णा फळीच्या कडेला टेकले. "खोलीत अकरा मुलं बसतात रे माझ्या," ते म्हणाले.

शिकवणी त्याच संध्याकाळी बंद झाली. दुसऱ्या दिवशी गुरुदत्त रजा काढून अण्णांना ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. फोटोत डाग निघाला. मग अकराही मुलांना आणि प्रमोदिनीलाही तपासायला नेले. निकाल यायला तीन दिवस लागले. शेवटी गुरुदत्त जिन्याखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सगळी मुलं चांगली आहेत. आपली प्रमोदिनीसुद्धा." पोपट मला बाजूला ठेवून घरोघर ते सांगत गेला. 

अण्णांना इंजेक्शने सुरू झाली. एकदा त्यांनी पोपटला सांगितले, "मी डॉक्टरांना विचारलं, माझ्यापासूनच तर सुहासिनीला झाला नाही ना? ते म्हणाले, कोणाचा कोणाला हे आता सांगता येणार नाही. तुम्ही औषध चुकवू नका." त्यांनी औषध चुकवले नाही. वर्षभरात त्यांचा खोकला गेला.

त्याआधीच सुहासिनी घरी आली. टांग्यातून उतरून ती वर गेली आणि सर्वांत आधी अण्णांच्या खोलीच्या खिडक्या उघडून आली.

कपडे पुन्हा माझ्याकडे येऊ लागले. पुढे घरोघर विजेच्या इस्त्र्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते त्या आठ दिवसांचे. मी पत्र जाळले नसते तर ती मुले आठ संध्याकाळी त्या बंद खोलीत बसली नसती.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. कोणी आजारी पडले की त्याच्या वस्तूंना भिऊ नका आणि त्याच्या मुलांना खेळातून काढू नका. रोग कसा पसरतो ते जाणत्या डॉक्टरांना विचारा. आणि शेजारी कोणी बरेच दिवस खोकत असेल, तर गुरुदत्तसारखी एक दिवस रजा काढा आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जा.