उतारावरची शीळ

दादाने करवतीवरून कानस फिरवली, एकेक दात बोटाने चाचपला आणि मान वर न करता विचारलं,

"मग शास्त्रज्ञबाई, उद्या सकाळी कळेल ना नक्की?"

"कळेल."

पक्षी मोजणं हेच तिचं काम होतं. त्यासाठीच त्याने तिला शहरातून बोलावून घेतलं होतं.

"शीळ रोज येते. पण पक्षी कुणाच्या दृष्टीस पडत नाही. तू आहे म्हणालीस तर आहे. नाही म्हणालीस, तर परवा माणसं बोलावतो आणि मोठी झाडं पाडून मोकळा होतो."

कस्तूर पक्षी गातोय तोवर सावलीच्या झाडांना हात लावायचा नाही, असा शब्द बाबांनी जाण्याआधी अंथरुणावरून दादाकडून घेतला होता. दादा दिल्या शब्दाला जागणारा. पण त्या दाट सावलीत कॉफीची फळं काळी पडून गळत होती, आणि शेजाऱ्याचा झाडं तोडलेला उतार लालभडक फळांनी लगडला होता. दादाला मूर्ख म्हणणं तिला जमेना.

उजाडायच्या आधी ती कॉफीच्या ओळींमधून खाली गेली. धुकं पानांवरून टपटपत होतं. एका जुन्या खोडाला टेकून ती बसली.

शीळ आली. लांब, वळणावळणाची. तिचा हात आपसूक दुर्बिणीकडे गेला.

पुन्हा आली. त्याच जागेवरून, त्याच वळणाने, आणि शेवटी तशीच अर्धवट तुटली. तिने दुर्बीण खाली ठेवली. कस्तूर दर वेळी तीच शीळ तशीच्या तशी घालत नाही. आणि त्याला धाप लागत नाही.

ती शिळेच्या रोखाने गेली, तर फळं धुण्याच्या टाकीमागे आई उकिडवी बसली होती. दोन बोटं ओठांशी होती.

"सापडले म्हणायची," आई म्हणाली. "हस आता. म्हातारी शिट्ट्या मारते म्हणून."

ती हसली नाही. शेजारी बसली.

"खरा कधीपासून नाही?"

"बाबा आजारी होते तेव्हाच गप्प झाला. ते आपले खिडकीकडे कान लावून पडलेले. म्हटलं, जाणाऱ्या माणसाला एवढं तरी ऐकू दे." आईने बोटं पदराला पुसली. "ते गेल्यावर मी थांबणारच होते गं. तर तुझ्या दादाने माळ्यावरून करवत खाली काढली."

"आई, झाडं राहिली म्हणून तो परत येईलच असं नाही."

"मला कळत नाही का ते?"

आईने पुन्हा बोटं ओठांशी नेली. या खेपेला नुसतीच हवा आली.

दादा अंगणात उभा होता. करवत खांबाला टेकवलेली होती.

"बोल."

कामाच्या बाबतीत ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. चपलांना चिकटलेला चिखल तिने पायरीवर घासून काढला. दोन्ही चपलांचा.

"आहे," ती म्हणाली.

"पाहिलास?"

"पाहिला."

 दादाने करवतीला गोणपाट गुंडाळलं, सुतळी बांधली आणि ती माळ्यावर सरकवली. खाली उतरताना म्हणाला,

"आईला सांग, जाताना शाल घेत जा. टाकीपाशी फार गारठा असतो."